दगडावरच्या रेघा

मी चामोर्शीच्या इकडची, जंगलाकाठच्या गावची. धान रोवाचं, तेंदूपत्ता तोडाचा, अन् मधल्या दिवसांत सडकेवर गिट्टी फोडाची, एवढंच माहं आयुष्य झालं पाहा. माह्या पोरीचा बाप लवकर गेला, म्हनून ते माह्यासंगंच राहे, मी गिट्टी फोडो अन् ते बाजूले बसून दगड निवडे, आई हा चमकते काऊन, आई हा लाल काऊन, मी म्हनो दूर सरक बापा, हातोडी लागन. तेच पोरगी पुढं दगडाचंच शिकली अन् थेट फिनलंडले नोकरीले गेली. आता सांगा!

तवापासून माह्या जिवाले घोर. एकटी पोर, परका मुलूख, दुखलं खुपलं तं कोन पाहीन? तिनं मले बोलावलं तवा मी मनात पक्कं केलं, जाईन अन् हिले घेऊनच येईन. बोलली नाई कोनाजवळ.

काय सांगू भाऊ तुमाले, तो मुलूखच अलग. पोरीनं गाडीत बसवून सारा दाखवला. खाली समुद्राकाठी घासल्या भांड्यावानी गुळगुळीत दगड, पान्यात उतरत गेलेले. मधात जिथी तिथी तलाव, आपल्या मालगुजाराच्या मामा तलावासारखे कोनी बांधले नाई, आपोआप झालेले. अन् पार उत्तरेकडं बोडके डोंगर, तिथी झाड माह्या गुडघ्याएवढं. मी म्हटलं याले उपाशी ठेवलं का वं? ते हासली, म्हने थंडीनं वाढत नाई. जंगलात झाडं पन दोन-तीनच जातीचे, सुईसारख्या पानाचे नाई तं पांढऱ्या सालीचे. आपल्याकडं मोह, येन, बीजा, हरेकाचं तोंड ओळखू येते, तिथी सारे एकसारखे.

घरामागच्या एका दगडावर हात ठेवून सांगे, आई, इथी पयले डोंगराएवढा बर्फ होता, तो सरकला तवा पोटाखालचे गोटे घासत गेला, ह्या रेघा त्याच्या, साऱ्या एकाच दिशेनं. बर्फ आला ते अंग गुळगुळीत, गेला ते अंग तुटकं. आपल्या घराकडून आला अन् जंगलाकडं गेला, म्हने. मी हो हो म्हटलं, ध्यान माहं चुलीवरच्या भातावर.

मंग एक दिवस ते कामावर गेली अन् मी डबा घेऊन त्या जंगलात शिरली. निळी बोरं पिकली होती, तिथी कोनी गार्ड अडवत नाई. तोडत तोडत लांब गेली. आमची रीत अशी का दुपार कलली म्हनजे सूर्य मावळतीले. घर उत्तरेच्या बाजूले, म्हनून सूर्य डाव्या खांद्यावर घेतला अन् निघाली. पन तिथला उन्हाळ्याचा सूर्य डोक्यावरून जात नाई, कडेकडेनं आडवाच फिरते, मावळाचं नाव नाई! मी त्याले खांद्यावर धरून त्याच्यासंगंच वळत गेली. फोन घरी चार्जिंगले. तासाचे तास झाले, ऊन तसंच्या तसं. घाबरली जी मी. एका दगडावर बसून रडली, म्हटलं हिले न्याले आली अन् मीच इथी हरवली.

रडता रडता शेवाळ खरडलं गेलं तं बोटाले रेघा लागल्या. दोन्हीकडून चाचपलं. एवढी वर्सं गिट्टी फोडली, दगडाचं अंग हाताले समजतेच. पोरीचं बोलनं आठवलं, बर्फ घराकडून आला, म्हनजे गुळगुळीत अंग घराकडं. त्या अंगाकडं तोंड केलं अन् चालली, पुढं दुसरा दगड, त्याच्यावरबी हात फिरवून पाहो, मंग तिसरा.

अन् मंग आवाज आले. आई! आई! मानसाचा, बाईचा, म्हाताऱ्याचा, चारीकडून. म्हटलं, इथी मले आई म्हननारे इतके कोन? तं पोरीनं घरी येऊन शेजारी सांगतलं होतं, त्याईले माहं नाव जमेना, मंग आईच म्हना म्हने. सारी वस्ती जंगलात उतरली होती. शेजारच्या एका म्हातारीनं माह्या पोरीले पोटाशी धरलं होतं अन् पोरगी रडून राह्यली होती. मले पाहताच म्हातारी आली, आपला कोट काढून माह्या अंगावर टाकला, अन् लागली मले बोलाले. भाषा समजली नाई, पन रागं भरून राह्यली होती हे समजलं.

पोरीले नाई आनलं भाऊ मी. एकटीच आली, अन् हलकी होऊन आली. आता झोप लागते. म्हातारीचं नाव मले अजून नीट घेता येत नाई, पन सांजच्या वंदनेले हात जोडले का तिचं तोंड डोळ्यापुढं येते. म्हनतो, बाई, तू बरी राह्य.