दोनशे वर्षं न घासलेली केटली

नाही, मी म्हणते, एखादं भांडं घासायचं नसेल तर तसं लिहून ठेवायला काय होतं हो या लोकांना? दारावर लिहितात ढकला, नळावर लिहितात गरम, शेंगदाण्याच्या बरणीवर लिहितात आत शेंगदाणे आहेत, आणि दोनशे वर्षं न घासलेल्या केटलीवर... काही नाही!

तुम्हाला सांगते, इथे कॅनडात, हॅलिफॅक्समध्ये मी ज्या पबात भांडी घासते ना, त्याच्यामागे मोठा माळ आहे. ऐन शहरात, नुसते खडक आणि खुरटी झुडपं. आपल्याकडे तिथे शेळ्या चरल्या असत्या, इथे पाटी लावलीय, झुडपांवर पाय देऊ नका. माळाभोवती तीन जुने पब. एकात म्हणे समुद्री चोर लपला होता, दुसऱ्यात फाशीच्या कैद्याला शेवटचा पेला पाजायचे, आणि आमच्यात काय, तर केटली. याला म्हणायचं इतिहास!

आमची ईशानी, नागपूरची पोरगी, कॉलेज करते आणि शनिवारी झालरीची टोपी घालून टूरिस्टांना पब दाखवत फिरते. त्यांना सांगते, माळावर सैनिक कवायत करायचे, मग या केटलीतली गरम रम प्यायचे. पबातल्या बाईचा नवरा लढाईवर गेला, तो येईपर्यंत केटली घासणार नाही म्हणाली, तो आलाच नाही. लोक डोळे पुसतात, केटलीचे फोटो काढतात! अहो, नवरा आला नाही म्हणून काय भांडी टाकून ठेवायची? आमचे गेले, त्यांच्या तेराव्याची पातेली मीच घासलीत.

पण हे सगळं मला कळलं नंतर. ती सांगते बाहेर, इंग्रजीत, आणि मी आत सिंकपाशी.

तर त्या शनिवारी सिटीची कमिटी येणार होती, पबाला ऐतिहासिक म्हणून पितळी पाटी द्यायला. मालक डंकन मला म्हणाला, "शीला, क्लीन एव्हरीथिंग." आता एव्हरीथिंग म्हणजे एव्हरीथिंग ना? आणि त्याला दुखवून मला चालणार होतं का? माझ्या पीआरच्या, म्हणजे इथे कायमचं राहायच्या अर्जाला त्याचं कामाचं पत्र हवं होतं, तीन महिने तो नेक्स्ट मंडे, नेक्स्ट मंडे करत होता, आणि कामाचं परमिट संपायला उरले होते वीस दिवस. मग म्हटलं असं चमकवू की सही करताना त्याचा हात अडायला नको. बारमधल्या लिंबाच्या फोडी, मीठ, व्हिनेगर... दोन तास! आतून तांबं निघालं, देव्हाऱ्यात ठेवावं असं. आणि बुडाशी मेपलचं पान, खाली आकडे. इंग्रजी मला येत नाही, आकडे येतात. एकोणीसशे सदुसष्ट. कॅनडाच्या शंभरीला विकलेली केटली हो! माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. याला म्हणायचं इतिहास!

डंकन आला, बघितलं, खुर्चीत बसला. ईशानी टोपी काढून म्हणाली, "काकू, ओह माय गॉड, हे काय केलंत? कमिटी चाळीस मिनिटांत येतेय." तो काहीतरी पुटपुटला. मी विचारलं काय म्हणतो, तर ती खाली बघत म्हणाली, "उद्यापासून येऊ नका म्हणतात."

झालं. पत्र गेलं, पीआर गेला, मी गेले. आणि मग माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "ईशानी, याला सांग, मी चुलीवर वाढलेली बाई आहे. अर्ध्या तासात दोनशे वर्षांची करून देते. आधी सही. आणि नाही म्हणाला तर कमिटीला बूड मी स्वतः दाखवीन."

पोरीने शब्द न् शब्द सांगितला. त्याने सही केली. ईशानीने पत्र वरपासून खालपर्यंत वाचून दाखवलं, मगच मी पदर... म्हणजे ॲप्रन खोचला. केटलीला तळणीचं तेल फासलं, मागच्या अंगणात स्प्रूसच्या झाडाच्या ओल्या फांद्या पेटवल्या आणि धरली धुरावर. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी.

कमिटीची बाई आली, केटलीला नाक लावलं, डोळे मिटले आणि म्हणाली, म्हणे, सैनिकांचा वास येतो. तळलेल्या माशांचा होता तो! पाटी लागली. कागद आले, मी इथलीच झाले.

पण ताजी काजळी टिकत नाही ना... दर शुक्रवारी झडते. म्हणून आता दर शुक्रवारी शंभर भांडी लख्ख घासायची आणि एक मन लावून काळं करायचं. त्या शंभरांचा फोटो अजून कोणी काढला नाही.