काळकेतूचा डावा हात

मंडळी, ऐका! काकू, त्या खांबाशी जागा आहे, पाय सोडून बसलात तरी देव रागावत नाही. पूर्वरंग झाला, बुक्का लागला, हार पडला. आता आख्यान! पण आधी एक प्रश्न — आणि उत्तर घरी जाऊन नाही, इथंच द्यायचं!

एखाद्या माणसाचा अपराध मोजायचा, तर कुठून मोजायचा? तो आपल्याला लागेल असं बोलला, तिथून? की त्याच्याआधी आपण काय बोललो होतो, तिथून?

गप्प! बघा, सगळं देऊळ गप्प! मघाशी प्रसादाला शिरा आहे म्हटल्यावर केवढा आवाज झाला होता!

बरं, राहू द्या. आज पुराणातली कथा नाही. आज वाईची कथा! वाईत भालचंद्रराव नावाचे गृहस्थ. चष्म्याचं दुकान. गावाला लांबचं-जवळचं दिसावं म्हणून यांनी जन्म घालवला, आणि स्वतःला सख्खा मेहुणा दिसेना! हा मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, रघुवीर. साताऱ्याला शाळेत चित्रकला शिकवतो. ‘दाजी, दाजी’ करत भालचंद्ररावांच्या मागे फिरायचा. आणि या दोघांचं एकच वेड — ‘ध्रुवगड’!

‘ध्रुवगड’ कुठं आहे? महाबळेश्वरच्या वर? नाही हो! ती टीव्हीवरची जुनी मालिका. आकाशात तरंगणारा किल्ला, तारे, यानं, लढाया! त्यात काळकेतू नावाचा सेनापती — डावा हात लोखंडाचा! त्यानं शत्रूला गडाचं दार उघडून दिलं आणि गड पडला. फितूर! त्या काळी दोघं एकाच सतरंजीवर बसून बघायचे आणि एकाच वेळी ओरडायचे — “अरे नीचा!” वृंदाताई, म्हणजे एकाची बायको आणि दुसऱ्याची बहीण, आतून विचारायच्या, “कोण आलंय?”

अशी मैत्री! आणि ती तुटली. कशावरून? जिलेबीवरून!

हसू नका! तुमच्या घरातली भांडणं काय काश्मीरवरून होतात?

वाईत भालचंद्ररावांनी घर बांधलं, वास्तुशांत ठेवली. आता रघुवीर सख्खा मेहुणा, त्याला आमंत्रण कसं द्यायचं? दारात जाऊन, हातावर अक्षत ठेवून! पण याला गेला फोन. “रविवारी या जेवायला.” संपलं! रघुवीरला लागलं, पण ताईसाठी आला. पंगत बसली. भालचंद्रराव जिलेबीची परात घेऊन आग्रह करतायत. “घ्या हो, अजून एक! माझ्यासाठी!” प्रत्येकाला आग्रह. आणि रघुवीरच्या पानापुढून — परात सरळ पुढे!

रघुवीर भरल्या पानावरून उठला. हात धुतले, चपला घातल्या आणि थेट सातारा. तेव्हापासून अबोला. वृंदाताईंची गत अडकित्त्यातल्या सुपारीसारखी. हे म्हणतात, “भरल्या पानावरून उठला, माझ्या वास्तूचा अपमान केला.” तो म्हणतो, “परक्यासारखं फोनवर बोलावलं.” बघा हं! भांडण एकच, पण याची गोष्ट पानापासून सुरू होते आणि त्याची फोनपासून. आपापल्या सोयीचा पहिला भाग!

यावर मी दोन चरण बांधलेत. ओबडधोबड आहेत, पण माझे आहेत. पेटीवाले, सूर धरा —

*मागले न पाहे, पुढले न जाणे,*
*मधल्याचे गाणे गात बसे!*

बसे की नाही? बसे! पुढं ऐका.

भालचंद्ररावांची मुलगी मुक्ता. लग्न ठरलं. हॉल ठरला, केटरर ठरला, फोटोवाला तर मुलगा ठरायच्या आधी ठरला होता! आणि एके दिवशी मुक्ता म्हणाली, “बाबा, गौरीहरापासून मला कोण नेणार?”

मंडळी, लग्नाआधी नवरी गौरीहर पूजत बसते. तिथून उठवून तिला बोहल्यावर कोण नेतो? मामा! भालचंद्रराव म्हणाले, “आईचा एक चुलतभाऊ आहे ना कोल्हापूरला, त्याला सांगू.” मुक्ता म्हणाली, “मामा काय भाड्यानं आणायचा? रघूमामा आला नाही, तर मी गौरीहरापुढून उठणार नाही. भटजींना सांगा, मुहूर्त मांडीवर घेऊन बसा!”

पोरगी बापाच्या वळणावर गेलेली! बाप हटेना, मामाला कळूनही तो येईना. लग्न जवळ आलं. आता करायचं काय?

आणि त्याच आठवड्यात, मंडळी, आली! काय आली? नवी मालिका! ‘ध्रुवगड — पहिला पहारा’! सगळे भाग एकदम!

ही कसली मालिका? याला म्हणतात प्रीक्वेल. गोखलेकाका, कपाळाला आठी नको, सोपं आहे! गड पडला ते आधी दाखवून झालं. आता गड बांधला ते दाखवतात. आधी उत्तररंग, मागून पूर्वरंग! तुम्ही म्हणाल, शेवट ठाऊक आहे तर सुरुवात कशाला बघायची? का हो, रामनवमीला दुपारी बारा वाजता आपण इथं दाटीवाटीनं उभे राहतो, तेव्हा राम जन्मणार की नाही याची शंका असते का? शेवट ठाऊक असतो म्हणूनच तर सुरुवात गोड लागते!

रविवार. सकाळचा चहा घेऊन भालचंद्रराव टीव्हीपुढे बसले ते बसले. एक भाग, दोन भाग, तीन भाग! आंघोळ नाही, पूजा नाही. वृंदाताई म्हणाल्या, “लग्नघर आहे हो!” हे म्हणाले, “हो हो, एवढा संपू दे.” एवढा काही संपत नाही, मंडळी! मलाही ठाऊक आहे. फेटा बांधला म्हणून मी मालिका बघत नाही असं वाटलं काय तुम्हाला?

नव्या मालिकेत काळकेतू पोरसवदा. नाव नुसतं केतू. दाराचा पहारेकरी, हसरा, गुणी. आणि चौथ्या भागात, ऐका, गडाचं पोलादी दार मिटताना त्याचा हात सापडला — आणि कुठला हात? उजवा!

भालचंद्रराव ताडकन उठले! “डावा! अरे डावा! लोखंडाचा हात डावा आहे!” अशी चूक? याला शहाणी मंडळी कंटिन्युइटी म्हणतात, आपण म्हणतो मागचं-पुढचं जुळणं. ते जुळेना! आता हे सांगायचं कुणाला? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बरं झालं, उजव्यानं जेवता तरी येईल.” मुक्ताला सांगितलं. ती म्हणाली, “हो का?” अहो, ‘हो का’? छाती फुटायची वेळ आली! अख्ख्या पृथ्वीवर हे दुःख समजेल असा माणूस एकच होता. आणि त्याच्याशीच अबोला!

भालचंद्ररावांनी फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला. लावला. पलीकडून आवाज — “हॅलो?” इतक्या वर्षांनी मेहुण्याशी काय बोलले असतील? कसा आहेस? चुकलं माझं? छे!

“रघू — उजवा हात!!”

आणि पलीकडून, एक श्वासही न घेता — “दाजी! मी मघापासून तेच म्हणतोय!”

आहाहा! टाळ्या वाजवा की! इथं नाही वाजवायच्या तर कुठं?

अबोला कुठल्या कुठं. “मी त्याचं चित्र काढलं होतं दाजी, दुकानात लावलं होतं तुम्ही! डावाच!” “अजून आहे रे ते, पुसतो मी रोज!” मग रघुवीर हळूच म्हणाला, “पुढचे भाग बघायचे?” दोघांनी फोन कानाला लावला, दोन गावांत दोन टीव्ही एकदम सुरू केले. दुपारचं जेवण गार झालं. वृंदाताई दारात आल्या. “कुणाशी बोलताय?” “कुणाशी नाही!” असं म्हणून लाजले हो, साठीचा माणूस!

आता शेवटचा भाग. गडाच्या वैद्यांनी केतूचा उजवा हात केव्हाच बरा केला होता! म्हणजे चूक नव्हतीच! आणि आता बाहेर शत्रू आलाय. गडातली दोनशे माणसं बाहेर अडकलीत, लेकरंबाळं आहेत. वरून हुकूम — दार लावा! केतू म्हणतो, माझी माणसं बाहेर आहेत! दार मिटायला लागलं, आणि या पठ्ठ्यानं मधे हात घातला. कुठला? डावा! दार अडलं, माणसं आत आली, हात गेला. आणि गडानं त्याला बक्षीस काय दिलं? हुकूम मोडला म्हणून साखळदंड! तो दारात का उभा राहिला, हे कुणी विचारलंच नाही. पुढं तो काळकेतू झाला, शत्रूला दार उघडून दिलं. त्याचा अपराध तो अपराधच, मंडळी. पण आपण तो शेवटापासून मोजत होतो.

मालिका संपली. मग रघुवीर म्हणाला, “दाजी, तो दारात उभा होता हो. कुणाला कळलंच नाही.”

भालचंद्रराव म्हणाले, “रघू... मीपण आलो होतो.”

“कुठं?”

“तुझ्या दारात. वास्तुशांतीच्या आधी, गुरुवारी. अक्षत घेऊन. मी येतोय असा वृंदानं तुला निरोप दिलाय, असं मी धरून चाललो. दाराला कुलूप! मला वाटलं, मुद्दाम गेलास. राग आला. घरी येऊन फोन केला नुसता. तुझ्या ताईलासुद्धा सांगितलं नाही मी.”

आता रघुवीर बोलला.

“दाजी, मला निरोप नव्हता. ही माहेरी गेलेली, आणि मी गुरुवारी... मी वाईत होतो. तुमच्याच गावात, सुताराकडे. तुमच्या नव्या घराला सागवानी देव्हारा करत होतो ना! कमानीवर मोर मी स्वतः रेखले. अचानक द्यायचा होता. पंगतीच्या वेळी टेंपो येतच होता. मी पानावरून उठलो आणि तो रस्त्यातून वळवून घरी आणला. अजून चादरीत आहे. माझे देव नाही बसवले मी त्यात. तुमचा होता तो.”

मंडळी, एक जण वाईहून साताऱ्याला, एक साताऱ्याहून वाईला! एकाच दिवशी! दोघं एकमेकांच्या गावात, एकमेकांसाठी! आणि ही दोन दारं उघडायला वर्षं लागली. भालचंद्रराव रडले. चष्मेवाला माणूस, पण चष्मा पुसायला फडकं सापडेना!

लग्नाच्या दिवशी मुक्ता गौरीहर पूजत बसली. गौरीहर कशात मांडला होता? त्याच देव्हाऱ्यात, मोरांच्या कमानीखाली! भटजी म्हणाले, “मामांना बोलवा.” रघुवीर आला. भाचीच्या खांद्यावर हात ठेवला. “उठतेस ना?” ती म्हणाली, “आता मुहूर्त चुकवायचाय का मामा?” आणि दुपारी पंगतीत भालचंद्ररावांनी परात आणली. रघुवीरच्या पानात जिलेबी, जिलेबीवर जिलेबी! तो म्हणतो, “दाजी, पुरे!” हे म्हणतात, “गप्प खा! मागचे भाग राहिलेत!”

तर मंडळी, मघाचा प्रश्न. अजून गप्पच आहात? या देवळात बसलेल्यांपैकी प्रत्येकाच्या मनात एक तरी काळकेतू आहे. दीर आहे, जाऊ आहे, शेजारी आहे, सख्खा भाऊ आहे. त्याच्या अपराधाचा भाग तुम्ही पुन्हा पुन्हा लावून बघता, तोंडपाठ केलाय! पण त्याच्या आधीचा भाग बघितलाय का? तो त्या दिवशी कुणाच्या दारात उभा होता, विचारलंय का?

विठ्ठलाच्या पायाशी आता आरतीचं ताट तयार होतंय. निरांजनाला वात घालायची आहे, जरा वेळ लागेल. तेवढ्यात एक फोन होतो. बाहेर ओट्यावर जा, देव थांबेल. उजवा-डावा काही बोलू नका. एवढंच विचारा — “काय रे, त्या दिवशी आधी काय झालं होतं?”