समोरची खुर्ची

नाही म्हणजे नाही! वही मिळणार नाही. तू फादू गातेस, ती आपली विरहाची गाणी, आल्फामातल्या खानावळीत तुझा आवाज लागला की लोक काटे-चमचे खाली ठेवतात — सगळं खरं, पोरी. चाल जुनी, सगळ्यांचीच, तुला नुसते शब्द हवेत — पण माझ्या मेलेल्या नवऱ्याचे शब्द तू गाणार, आणि बाजारात बाया मला विचारणार, ‘दोना फिलोमेना, का हो सोडून गेला होतात त्याला?’ अगं, मी गेले कुठे होते? बस त्या स्टुलावर, माशांच्या टोपलीला पाय लावू नकोस. ‘समोर रिकामी खुर्ची, रिकामी बशी’ — हेच ना हवंय तुला? बाल्तझारनं ते लिहिलं तेव्हा त्या खुर्चीत मी बसले होते! मी! कोबीचं सूप वाढून! मीठ पुरे का विचारलं, तर म्हणतो, ‘शूऽ, ओळ येतेय.’ तेहतीस वर्षं त्याची ओळ येत होती आणि माझं सूप गार होत होतं. साउदाद म्हणे! कुणासाठी एवढी हुरहूर? बंदरावर रुमाल हलवणारी कुणी होती? शोधलं मी, खिसेसुद्धा तपासले — कुणी नव्हतं! जिवंत बायको समोर असून हा एकटा!

मग मीही गेले एकदा. खरंच गेले. सेतूबालला, बहिणीकडे, अकरा दिवस. म्हटलं, घे, आता खरी रिकामी खुर्ची, लिही पोटभर. परत आले नि आधी वही उघडली. रोज नव्या पानावर तारीख घालायची सवय त्याला — अकरा तारखा, आणि खाली? काही नाही! एक अक्षर नाही! खोट्या विरहाला चाळीस गाणी, खऱ्याला कोरं पान! मी तेवढ्याही लायकीची नव्हते? भांडले, बशी फोडली — तो आपला उभा, दाढी वाढलेली, चुलीवर अकरा दिवसांत भांडं चढलेलं नाही — आणि म्हणतो काय, ‘मीठ सापडलं नाही गं.’ तू का रडतेस? रडण्यासारखं काय आहे त्यात? काय म्हणालीस? लिहिताच आलं नसेल? मोठी शहाणी! मला कळत नाही होय? तो जाऊन चार महिने झाले, आत्ता कळून काय करू मी? घे, ती वही घे, सगळी गा, रडव लोकांना. काय? मधली पानं फाडलेली आहेत? हो, मीच फाडलीत. ती अकरा माझ्याकडे राहतील. ती गाता येत नाहीत. ऊठ — जा म्हटलं ना!