पोरीचा पलंग

विमान चालवायला शिकवणाऱ्या शाळेत मी नातवाची वाट बघत बसले होते, पण शेजारी बसलेल्या एका बापाची जीभ काही टाळ्याला लागेना. लेक आज पहिल्यांदा एकटी उडणार, हे त्यानं शिपायालाही सांगून झालं होतं. तेवढ्यात लेकच आली.

“बाबा, मी आज उडत नाही.”

“अगं, आभाळ कसं लख्ख आहे. सर नको म्हणाले?”

“सर म्हणाले, तुझं तू ठरव. माझी झोप झालेली नाही.”

“कडक चहा घे. मामा-मामी तुला बघायला एवढ्या लांबून आलेत, त्यांना काय सांगू?”

“त्यांना माझा पलंग तुम्हीच दिलात. मी रात्रभर खुर्चीत होते.”

“मग मला उठवायचंस की.”

“तुम्ही झोपेतसुद्धा हसत होतात, बाबा.”

मला राहवेना.

“अहो, पोरगी शहाणी निघाली, तुमच्यावर गेली नाही. आज पाहुण्यांना तुमचा पलंग द्या, उद्या उडेल ती.”