दुसरी घंटा

—नाही, शाल नको. पिशवीतच राहू दे ती, स्पर्धेची पत्रिका दे इकडे. 'तृतीयपंथीयांना मोकळीक : समाजाला धोका?' प्रश्नचिन्ह टाकलंस, बरं केलंस. प्रश्नचिन्ह टाकलं की काहीही छापता येतं, नाही का रविराज? अनुकूल सहा मिनिटं, प्रतिकूल सहा मिनिटं. आणि परीक्षक — मंदाकिनीबाई, इंदापूर. विचारायला आलायस? छापून झाल्यावर? बस. चहा मिळणार नाही, लीलाबाई आज आली नाही — आली असती तरी मिळाला नसता, खरं सांगते.

ही घंटी ओळखतोस? पितळी, वरून दाबायची. बारामतीला निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं विचारलं, बाई, आठवण म्हणून काय देऊ? मी ही मागितली. हसले सगळे. थांब, दाबते. — ही पहिली. इशाऱ्याची. दुसरी वाजली की थांबायचं. तुला वेळ लावलाय असं समज, पण बोलणार मीच.

'बाई, तुमच्याइतकं निःपक्षपाती कुणी नाही' — फोनवर म्हणालास. खरंय. नऊ वर्षांपूर्वी हाच विषय मीच तर दिला होता. आता सर झालायस, तेव्हा पिंपळीहून एसटीनं यायचास, 'आहे'ला 'हाय' म्हणायचास. त्या एका 'आहे'वर मी महिना घालवला. आवाज कुठं उतरवायचा, कुठं थांबायचं, सगळं मी शिकवलं. आणि त्या स्टेजवरून तू म्हणालास, 'कीड फांदीवर आहे तोवर फांदी छाटा, बुंध्यात उतरेपर्यंत थांबू नका!' कसा सुरेख थांबलास 'कीड'नंतर. केवढ्या टाळ्या — मागून कुणी तरी तसली आडव्या हातांची टाळी वाजवून दाखवली, सभागृह लोळलं हसून. सहा मिनिटं संपली होती. वेळ सांभाळायला कोण बसलं होतं, आठवतं? माझी मुलगी. हजेरीपटावर निहार, पण आठच दिवस आधी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिनं विचारलं होतं, 'आई, मला अबोली म्हणशील?' — हो, मला माहीत होतं. माहीत असून बसले होते मी तिथं. तिचं बोट घंटीवर होतं आणि नजर माझ्याकडे. मी हात वर केला. थांब, बोलू दे त्याला. का? परीक्षकाचं घर मध्ये आलं असं कुणी म्हणू नये म्हणून. दोन मिनिटं चाळीस सेकंद जास्त बोललास तू. नियमानं गुण कापायचे होते. मी तुला पहिला नंबर दिला.

मान नको हलवूस. तुझी ती मतं नव्हती, चिठ्ठीत ती बाजू आली होती — ठाऊक आहे, चिठ्ठ्या मीच केल्या होत्या. उसाचा विषय आला असता तर उसावर बोलला असतास. पण उसाला दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर 'ए कीड' अशी हाक कुणी मारत नाही.

'दोन्ही बाजू ऐकायला हव्यात' — माझंच वाक्य मला ऐकवतोस? ऐक मग. ती घर सोडून भिगवणला गेली, मासळीच्या एका खानावळीत स्वयंपाक करायची. मालकीण सिंधुबाई, अंगठा उठवणारी बाई, पण पहिल्या दिवसापासून अबोलीच म्हणायची. तिला कुणी शिकवावं लागलं नाही. दोन वर्षांनी डेंगू झाला. सिंधुबाईनं दवाखान्यात नेलं आणि तिथं वाद सुरू झाला — पुरुषांच्या वॉर्डात घ्यायची की बायकांच्या? दोन्ही बाजू मांडल्या गेल्या, रविराज! डॉक्टर बोलले, इतर पेशंटांचे नातेवाईक बोलले, कुणी तरी तुझी कीडही काढली. सव्वा तास ती बाहेर बाकड्यावर, अंगात ताप. सिंधुबाईनं मला फोन लावला — 'बाई, आई हाय ना तुमी? येकदा सांगा ह्यांना, पोरगी हाय म्हणून. मंग घेत्यात आत.' मग तिनं फोन डॉक्टरांना दिला, ते कानाला लावून उभे. एक शब्द हवा होता. आणि मी म्हणाले —

मी म्हणाले, तिथं येऊन बोलते.

पाऊण तासाचा रस्ता. मी पोचले तेव्हा वाद मिटला होता. बोलायला काही उरलं नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुला का सांगितलं, देव जाणे. विसरून जा. — नको, विसरू नकोस.

काय? स्पर्धेचा विषय बदलतोस? आता? माझ्यासाठी? म्हणजे मूल गेलेलं नसतं, तर विषय चालला असता. परीक्षक निःपक्षपातीच हवा ना तुला? मग माझं नाव खोड. पेन आहे का? हे घे. इथंच खोड, माझ्यासमोर. — पूर्ण. वाचता येतंय अजून. हं.

शाल विसरू नका. 'बाई' नाही, काही नाही, पुढं बोलायचं नाही —

ही दुसरी घंटा. ऐकू आली ना? मी हात वर केलेला नाही, रविराज सर. उठा.