परीक्षित सापडल्याबाबत

मी, शालिनी गजानन देवपुजारी, वय ५३, धंदा नोकरी (सरकारी कार्यालयात क्लार्क), राहणार नेहरू नगर, भोपाळ, समक्ष हजर राहून सांगते की, माझा भाऊ सापडला हो! हवालदार वंदना इंगळे नागपूरकडच्या, म्हणून मराठीतच सांगते. त्या म्हणतात, हळू आणि क्रमाने सांगा. हळू कसं सांगू? बरं, क्रमाने सांगते.

भाऊ परीक्षित, वय ४५, माझ्याकडेच राहतो. त्याला स्किझोफ्रेनिया आहे. पंधरा वर्षे त्याच्या गोळ्या मीच देते. बाहेर मात्र 'मायग्रेन' सांगते.

काल चार वाजता माझ्याकडे संक्रांतीचे हळदीकुंकू होते. तो दुपारपासून एकटाच मोठ्याने बोलत होता. बायका यायच्या आत मी त्याला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी लावली. काल रात्री इथे तो हरवल्याची तक्रार दिली, तिच्यात हे लपवले. लाज वाटली. शेजारच्या कांचनवहिनींनी विचारलेही, "परीक्षित दिसत नाही तो?" मी म्हटले, डोके दुखतेय, झोपलाय. साडेसहाला कडी काढली तर खोली रिकामी, खोलीचे दुसरे, अंगणाकडचे दार सताड उघडे. मी तिळगूळ वाटत बसले आणि तो केव्हाच गेला होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

आज सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी फोन आला. करोंद मंडीतले हमाल मनोहर साहू बोलत होते. "दीदी, आपके भाई यहाँ बैठे हैं. खुद बोले, मुझे स्किज़ोफ्रेनिया है, रात की गोली छूट गई, दीदी को फोन लगाओ." अहो, माझा नंबर तोंडपाठ सांगितला त्याने! आणि आजाराचे नाव, जे मला शेजारणीपुढे उच्चारवले नाही, ते ह्या पठ्ठ्याने भर मंडीत सांगितले! रिक्षात मी रडत होते की हसत होते, देव जाणे. तो पोत्यांवर बसून चहा पीत होता. वर मलाच म्हणाला, "ताई, किती गं उशीर!"

त्याच्या अंगावर जखम नाही. सकाळची गोळी घेतली आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. असलीच तर माझ्याविरुद्ध आहे, पण ती इथे घेत नाहीत म्हणे.

शेवटी 'भावास बहिणीच्या ताब्यात दिले' असे लिहिले, तेव्हा परीक्षित बाकावरून उठून आला. "ताब्यात नाही, मॅडम. ताईसोबत घरी जातो, असं लिहा." मॅडमनी तो शब्द खोडला. जबाब आम्हा दोघांना वाचून दाखवला, सांगितल्याप्रमाणेच आहे. पहिली सही त्याने केली, खाली मी केली.