स्विचपाशी माणूस हवा!

...नाही, तुम्हीच सांगा! माणूस घरात एकटा असतो, त्याला शॉक बसू नये म्हणून पोरीनं लांबून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर पाठवावा, हा एवढा जड की उचलताना कंबर धरली, आणि खोक्यातल्या कागदावर पहिलीच सूचना काय? तर ‘एकट्याने तपासू नये’! आता कपाळ कुठं बडवायचं?

तुम्हाला सांगतो, जुने रेडिओ दुरुस्त करायचा माझा नाद. लाईनवरचा रेडिओ उघडायचा म्हणजे जिवाशी खेळ! हा ट्रान्सफॉर्मर मध्ये टाकला की लाईन एका कॉइलमध्ये, रेडिओ दुसऱ्या कॉइलवर, तारेला तार लागत नाही. पण खरंच लागत नाही ना, हे आधी बघायला नको? आणि पलीकडच्या बाजूला दोन तारांत माणूस चिकटला, तर भिंतीतलं ते खटकन पडणारं बटणही पडत नाही... त्याला पत्ताच नसतो! म्हणून स्विचपाशी माणूस हवा!

पूर्वी ही असायची. मांडीवरचं विणकाम बगलेत मारून उभी. ‘घाला, अजून तारा घाला घरात! मला पाय ठेवायला जागा नको!’ तोंड सुरू, पण बोट स्विचवरून हललं नाही कधी. ही गेली आणि... जाऊ द्या. घर खायला उठतं हो.

पोरीला फोन केला. ‘बाबा, व्हिडिओ चालू ठेवा, मी बघते ना!’ अगं, बघून काय करशील? तिकडून स्विच बंद होतो? ‘मग मी ओरडेन!’ कोणाला? चिकटलेल्या बापाला?

शेवटी वरच्या मजल्यावरच्या टेलरमास्तरांना गाठलं. इतकी वर्षं जिन्यात नुसती मान हलवायचो आम्ही! ‘मास्तर, येता? फक्त उभं राहायचंय.’ आले की! गळ्यात टेप तशीच!

आधी प्लग काढून मीटर लावला. या कॉइलमधून त्या कॉइलला काही नाही, लोखंडालाही काही नाही. झकास! मग लाईनमध्ये एक साधा बल्ब जोडला. आत घोटाळा असला तर बल्ब लख्ख पेटून राहतो, नसला तर एकदा चमकून मंद होतो. करंट छातीतून जाऊ नये म्हणून एक हात खिशात घातला, म्हटलं, ‘लावा!’ बल्ब चमकला आणि... खटॅक! मास्तरांनी बंद! ‘पेटला की हो!’ अहो, चमकणारच तो! ‘लावा!’ चमकला... खटॅक! ‘परत पेटला!’ आपल्यासाठी कोणी एवढं घाबरलेलं मी किती दिवसांनी पाहिलं म्हणून सांगू! शेवटी त्यांचा हात धरून ठेवला, तेव्हा कुठं बल्ब मंद झाला.

मग चहा टाकला. मास्तर कपात बघत म्हणाले, ‘शिवणं बंदच आहे हल्ली. नजर गेली. सुईत दोरा ओवायला घरात कोण आहे?’

दारापर्यंत गेले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘मास्तर, रीडिंग जरा शंकास्पद वाटतंय... उद्या परत बघावं लागेल.’ ते म्हणाले, ‘येतो. सुया घेऊन येतो.’

तेव्हापासून रोज तपासतोय. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत आहे हो, पहिल्या दिवसापासून! रेडिओ बिचारा अजून उघडाच पडलाय. पण काय करणार... स्विचपाशी माणूस हवा!